फुकटच्या पंचांगाची राखण

जबलपूरच्या मराठी घरात श्रावण दोनदा लागतो. आधी शेजाऱ्यांचा, आणि पंधरा दिवसांनी आमचा. इथल्या हिंदी लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, आमचा अमावास्येला. त्यामुळे शुक्ल पक्षात आम्ही सगळे एकाच महिन्यात गुण्यागोविंदाने नांदतो आणि वद्य पक्ष लागला की त्यांचा महिना आमच्या पुढे निघून गेलेला असतो. लहानपणी मला यात काही वावगं वाटलं नाही. शेजारच्या काकींच्या सावन सोमवारचा प्रसाद खायचा आणि मग आईच्या श्रावणी सोमवारचाही खायचा, त्यात माझा फायदाच होता.

तो फायदा बाबा गेल्यावर अंगाशी आला. बाबा इथल्या डिफेन्स फॅक्टरीत होते. ते गेले तेव्हा कोजागिरी होऊन गेली होती आणि दिवाळी यायची होती. तिथी आश्विन वद्य पंचमी. पहिल्या वर्षीचं श्राद्ध नागपूरला काकांकडे झालं, तिथल्या गुरुजींनी केलं, सगळं नीट पार पडलं. दुसऱ्या वर्षी आईने ठरवलं की आता इथेच करायचं. आमचे जबलपूरचे मराठी गुरुजी मुलाकडे पुण्याला निघून गेले होते, म्हणून तिने गल्लीतल्या पंडितजींना तिथी सांगितली. त्यांनी पंचांग उघडलं आणि म्हणाले, "आश्विन कृष्ण पंचमी? माताजी, ये तो पितृपक्ष में ही पड़ रही है. बहुत अच्छा है."

दिवस दसऱ्याच्याही आधीचा निघाला. आई थोडी चमकली, पण तिथ्या दर वर्षी मागेपुढे होतातच, म्हणून गप्प बसली. इथेच नोकरीला असलेला चुलतभाऊ श्राद्धाला बसला, खीर झाली, वडे झाले, कावळाही आढेवेढे न घेता पानाला शिवला. दिवाळीची चकली करायला घेतली तेव्हा नागपूरहून मावशीचा फोन आला, "उद्या दाजींचं श्राद्ध ना गं?" पंडितजींनी त्यांचा आश्विन धरला होता. आमचा आश्विन वद्य म्हणजे त्यांचा कार्तिक. बाबांचं श्राद्ध आम्ही महिनाभर आधी उरकून टाकलं होतं.

आईने चकलीचं पीठ झाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळा स्वयंपाक केला. स्वयंपाक करताना ती रडली. मला पंडितजींचा राग आला नाही, पंचांगाचा आला. गावात दोन महिने एकाच वेळी चालतात हे माहीत असून दोन्ही शेजारी-शेजारी छापायला काय जातं, असं मला वाटलं.

मी एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. त्या दिवाळीच्या सुट्टीत मी एक लहानसा प्रोग्राम लिहिला. गाव सांगा, तारीख सांगा. सूर्य-चंद्र आकाशात कुठे आहेत त्यावरून तो तिथी काढायचा आणि पुढे दोन महिने लिहायचा, 'आपला' आणि 'इथला'. आईच्या फोनवर घालून दिला. ती खूश झाली. मग मी एक उद्योग केला. आपल्यासारखी घरं इंदूर, रायपूर, भिलाई सगळीकडे असतील, त्यांनाही होऊ दे, म्हणून तो प्रोग्राम इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघडा ठेवला. ओपन सोर्स म्हणतात त्याला. आतलं सगळं लिखाण कोणीही वाचावं, वापरावं, बदलावं, पुढे द्यावं, पैसे द्यायचे नाहीत. फक्त कुठेतरी माझं नाव लिहावं, एवढीच अट.

पुष्कळ दिवस कोणी फिरकलं नाही. मग एकदा शेजारच्या काकी त्यांच्या फोनवर एकादशी बघत होत्या. मला सवय आहे, कुठलंही ॲप दिसलं की मी तळाशी जाऊन बारीक अक्षरं वाचते. तिथे माझं नाव होतं. कॅलेंडरचं ॲप, एका मोठ्या कंपनीचं. मी घरी येऊन शोधाशोध केली तेव्हा कळलं की माझा प्रोग्राम पूजेचं साहित्य घरपोच देणाऱ्यांकडे होता, लग्न जुळवणाऱ्यांकडे होता, शाळांच्या सुट्ट्यांचं वेळापत्रक करून देणाऱ्यांकडेही होता. मला फार आनंद झाला. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग इतक्या कंपन्या वापरून राहिल्या तर तुला काय देऊन राहिल्या?"

"काही नाही. फुकट आहे ते."

"बाप्पा! म्हणजे त्यांनी कमवायचं न् तू कॉलेजमंधून येऊन त्यांचं काम करायचं. काहून?"

मी तिला समजावलं की ते माझं काम वापरतात, मी त्यांचं काम करत नाही. हे वाक्य मी फार थाटात म्हटलं होतं. ते काही दिवस खरंही होतं.

तिथी ही भलती चिवट गोष्ट आहे. ती सूर्योदयावर ठरते आणि सूर्योदय गावागणिक वेगळा. एखादी तिथी दोन दिवस राहते, एखादी कोणाच्याच सूर्योदयाला सापडत नाही. परदेशात बसलेल्या माणसाची एकादशी भारतातल्या आईपेक्षा एक दिवस आधी येते आणि त्यावरून त्यांची फोनवर भांडणं होतात. ती सगळी भांडणं हळूहळू माझ्या दारात यायला लागली. लोक ॲपवाल्यांकडे तक्रार करत, ॲपवाले ती माझ्याकडे ढकलत. मेलमध्ये वर लाल अक्षरात 'अर्जंट' आणि खाली 'हमारे ग्राहक रुके हुए हैं'. तुमचे ग्राहक ना? मग तुम्ही बघा की. पण मी बघायचे. चूक माझ्या हिशेबात निघाली की मला चैन पडायचं नाही. कोणाचा तरी उपास माझ्यामुळे मोडला, असं वाटत राहायचं.

अधिक मास आला त्या वर्षी तर मी घरात असून नसल्यासारखी होते. कॉलेज, जेवण आणि तक्रारी. मनगटं दुखायला लागली तेव्हा आईने गरम तेल लावून दिलं आणि तेल लावता-लावता माझ्या अकलेचं कौतुकही केलं.

मामेबहिणीच्या लग्नाला आम्ही गाडी करून नागपूरला निघालो होतो. गाडीत आई, चुलतभाऊ, वहिनी, सगळे सजूनधजून. गावाबाहेरचा नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडतोय तोच मेल आला: एका ॲपमध्ये उद्या आणि परवा दोन्ही दिवशी एकच चतुर्थी दिसत होती आणि त्यात चूक माझीच होती. पुढे सिवनीच्या जंगलात नेटवर्क नसतं. मी गाडी थांबवायला लावली आणि पुलापलीकडच्या चहाच्या टपरीत लॅपटॉप उघडून बसले. सगळ्यांनी आधी चहा घेतला, मग समोसे खाल्ले, मग पुन्हा चहा घेतला. चुलतभाऊ दर थोड्या वेळाने येऊन विचारायचा, "झालं का? काय करून राहिली एवढं?" वहिनीच्या केसातला गजरा कोमेजला. आम्ही नागपूरला पोहोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या, पंगत बसली होती. साऱ्या जगाला तिथी-वार सांगणाऱ्या बाईचाच मुहूर्त चुकला, हे मामांनी प्रत्येक पंगतीत जाऊन सांगितलं. मी हसत होते. आतून मला रडू येत होतं. आई मामींशेजारी मानाने बसायची होती, ती कोपऱ्यात शालू सावरत उभी होती.

परत आल्यावर मी प्रोग्रामच्या पानावर सगळ्यांना दिसेल असं लिहून टाकलं: 'मी दमले आहे. ज्यांचा धंदा यावर चालतो त्यांनी आता आपापलं बघावं. मी यात यापुढे काही दुरुस्त करणार नाही.' लिहिलं आणि गारठून गेले, की आता शिव्या येतील.

शिव्या आल्या नाहीत, भेटवस्तू आल्या. एका कंपनीने टी-शर्ट पाठवला, तो आईच्या मापाचा निघाला. एकीने छान जाड कप पाठवला, त्यावर 'धन्यवाद' छापलेलं. एकीने प्रशस्तिपत्र. तिथ्यांच्या चुका मात्र तशाच होत्या आणि मी त्या दुरुस्त करत नव्हते. निदान दिवसा करत नव्हते, असं आई म्हणते.

आणि मग बेंगळुरूच्या त्या कॅलेंडरवाल्या कंपनीतून एक मुलगी स्वतः आली. विमानाने डुमन्याला उतरून, रिक्षा शोधत थेट आमच्या घरी. त्यांच्याकडच्या इंजिनियरांची प्रमुख होती, तरी वागायला साधी. आईच्या पाया पडली, मला दीदी म्हणाली, खोव्याची जिलबी मागून घेतली. म्हणाली, "दीदी, हम अपने दो लोग इस पर पूरे टाइम के लिए लगाना चाहते हैं. आपको कुछ नहीं करना पड़ेगा. रहेगा सब खुला ही, सबके लिए फ्री."

मला कानांवर विश्वास बसेना. पण फुकटात मिळालेल्या गोष्टीचा मी आता धसका घेतला होता. मी विचारलं, "क्यों?"

तिने कम्युनिटी, योगदान, असं काहीतरी सुरू केलं. मी म्हटलं, "वो सब कप पे लिख के आ चुका है. सच बताइए."

ती हसली. मग जिलबी बाजूला ठेवून सरळ बोलली. तिथी काढणं हा त्यांचा धंदाच नव्हता. धंदा होता कॅलेंडर विकण्याचा, आत जाहिराती दाखवण्याचा. स्वतःचा प्रोग्राम लिहायचा म्हणजे माणसं ठेवा, आणि प्रत्येक गावच्या तक्रारी स्वतः शोधा. इथे साऱ्या दुनियेच्या चुका माझ्याकडे गोळा होऊन दुरुस्त होत होत्या आणि त्यांना आयत्या मिळत होत्या. पूर्वी त्यांनी काही बदल गुपचूप स्वतःपुरते करून पाहिले होते. पण मी नवीन काही काढलं की त्यांचे बदल त्यात पुन्हा बसवताना त्यांच्या नाकी नऊ यायचे. त्यापेक्षा बदल मूळ प्रोग्राममध्येच घातलेले बरे. विकत घ्यायचं तर दुसऱ्या एका मोठ्या कंपनीचं होतं, पण ती यांची स्पर्धक, उद्या गळा धरेल. माझं कोणाच्याच मालकीचं नाही, म्हणून सगळ्यांना चालतं.

"बाकी सब ठीक था," ती म्हणाली, "बस आप अकेली हैं. मीटिंग में सबने यही पूछा, कि जबलपुर वाली दीदी को कुछ हो गया तो?"

आई आतून तीरासारखी बाहेर आली. "काय होते इले? काहून होईल? घरात येऊन असं बोलते का कोणी?"

मी तिला कसंबसं शांत केलं आणि त्या मुलीचं म्हणणं मराठीत सांगितलं. आई ऐकता-ऐकता खाली टेकली. मग म्हणाली, "म्हणजे आपल्या मराठी मंडळाच्या फुकटातल्या पातेल्यासारखं. केटरर स्वतःच्या खर्चाने कल्हई करून आणते ना, ते काही मंडळावरच्या प्रेमापोटी नाही. पुढच्या मुंजीत त्यालेच रांधायचं असते." तिने मुलीच्या पानात आणखी जिलबी वाढली. तिचा राग गेला होता. माझाही गेला. इतकी वर्षं लोक माझ्याशी गोड बोलून काम करून घेत होते. ही पहिलीच, जिने आमचा यात मतलब आहे असं तोंडावर सांगितलं. मला ती फार आवडली.

मी प्रोग्रामच्या किल्ल्या तिच्या माणसांना देऊन टाकल्या. किल्ल्या म्हणजे काय, बदल मंजूर करायचा अधिकार. बटण दाबल्यावर मी आईला म्हटलं, "चल, ग्वारीघाटला जाऊ," आणि फोन घरी ठेवून निघाले. नर्मदेवर आरती चालली होती. मी पायरीवर बसून चणे खाल्ले आणि कोणती तिथी आहे याचा विचारसुद्धा केला नाही.

ते सुखाचे दिवस होते. त्या दोघांनी काम उत्तम केलं. कित्येक जुन्या चुका त्यांनी काढल्या, ज्या मला कळूनही दुरुस्त करता आल्या नव्हत्या. मी अधूनमधून पानावर डोकावायचे, पाहुणी म्हणून. मनगटं बरी झाली. संध्याकाळी मी आईबरोबर मालिका बघायला लागले आणि मालिकेतल्या सुनेवर दोघी मिळून चिडायला लागलो.

असंच डोकावताना रायपूरच्या एका बाईंचा संदेश दिसला. मोडक्या मराठीत, इंग्रजी अक्षरांत लिहिलेला. 'पहिले दोन महिने दिसत होते, आपला आणि इथला. आता एकच दिसते. आमच्या सासऱ्यांची तिथी मार्गशीर्ष वद्य आहे. कोणता मार्गशीर्ष धरायचा? घरात आता सांगणारं कोणी नाही.' खाली त्या दोघांपैकी एकाने सभ्यपणे उत्तर दिलं होतं, की ही सोय नव्या आवृत्तीत ठेवलेली नाही, आणि प्रश्न बंद केला होता.

मी आतलं लिखाण उघडून पाहिलं. गाव महाराष्ट्रातलं असेल तर आपला महिना, मध्य प्रदेश-छत्तीसगढमधलं असेल तर इथला. सुटसुटीत. जो माणूस जिथे राहतो तिथलाच असतो, असं त्यांनी धरलं होतं. बेंगळुरूत बसून तसंच वाटणार. मी तो प्रोग्राम ज्यासाठी लिहिला होता, नेमकी तीच एक गोष्ट त्यांनी त्यातून काढून टाकली होती.

मी त्या मुलीला फोन केला. आवाज चढला होता माझा. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा तशीच सरळ बोलली. "दीदी, वो सेटिंग बहुत कम लोग इस्तेमाल करते हैं. हमारे ग्राहकों में तो लगभग कोई नहीं. और उसकी वजह से हर टेस्ट दो बार करना पड़ता है. हम वही सँभाल सकते हैं जो हमारे काम का है. ये तो मैंने आपके घर में भी कहा था."

म्हणाली होती खरी. जिलबी खाता-खाता म्हणाली होती आणि मला त्या प्रामाणिकपणाचं केवढं कौतुक वाटलं होतं.

"पण तुम्हाला कोणी अडवलेलं नाही," असं तिने पुढे हिंदीत समजावलं. सगळं उघडंच आहे. मी पूर्ण प्रोग्रामची नक्कल घ्यावी, वेगळ्या नावाने ठेवावी, त्यात दोन महिने पुन्हा घालावेत, मग तो माझ्या मनासारखा. फक्त त्यांनी इकडे काही सुधारलं की ते तिकडे मला घालावं लागेल. नेहमीच. आणि तक्रारी मला बघाव्या लागतील. "फ्री है दीदी," ती म्हणाली, आणि ती टोमणा मारत नव्हती.

फोन ठेवून मी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, करून टाक, आपल्यासारख्या लोकांचं काम आहे. ती म्हणाली, "नको करू. माझी शपथ आहे तुला. त्या रायपूरच्या बाईचा नंबर दे, मी सांगते तिला फोनवर कोणता मार्गशीर्ष."

"आणि तिच्यासारख्या बाकीच्या?"

"त्या पाहून घेतील त्यांचं. तू काय ठेका घेतला का सगळ्यांचा?"

तिने खरंच रायपूरला फोन लावला. दोघी अनोळखी बायका खूप वेळ बोलल्या, आधी तिथीबद्दल, मग गुडघ्यांबद्दल. त्या बाईचं काम झालं. माझी सुटका झाली, असं समजून मी मालिका लावली. पण माझं लक्ष लागेना. इटारसीत, भिलाईत कोणीतरी फोन उघडून आज एकच महिना बघत असेल आणि त्याला प्रश्नसुद्धा पडणार नाही. दोन महिने असतात हे ज्यांना ठाऊक होतं ती माणसं एकेका घरातून जात होती. तो विचारणार नाही, कळवणार नाही, महिनाभर आधी खीर करून मोकळा होईल.

मी लॅपटॉप उघडला आणि नक्कल घेतली. एकच बटण असतं. ते दाबलं आणि 'आपला' न् 'इथला' पुन्हा घालायला बसले.

आई दारात येऊन उभी राहिली. "त्या पोरीचा फोन आला?"

"नाही."

"कॉलेजातून कोणी सांगितलं?"

"कोणी नाही सांगितलं, आई."

तिने मालिकेचा आवाज तेवढा बारीक केला. मला एकदम फार राग आला आणि तो कोणावर काढावा हे कळेना. इतकी वर्षं मला कंपन्यांनी अडकवलं असं मी म्हणत आले होते. कंपन्यांना नाही म्हणता येतं. मी म्हटलंही होतं आणि त्यांनी ऐकलं होतं. आता समोर असं कोणी नव्हतंच, ज्याला मी नाही म्हणू शकले असते.